‘तुला आज सगळे सोपेच बॉल मिळाले’: पूल टेबलवरची शाबासकी कशी ऐकायची

नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे लिहिलंय.

एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती: “ताई, पूल खेळताना तुला मिळालेली सगळ्यात भारी कॉम्प्लिमेंट कोणती?” प्रश्न दहा सेकंदांचा, पण उत्तराला अख्खा भाग लागला. कारण माझं उत्तर ऐकून पूल न खेळणारा माणूस म्हणेल, ही कसली कॉम्प्लिमेंट?

ती अशी: “तुला आज सगळे सोपेच बॉल मिळाले.”

बोलणारे होते आमच्या पार्लरमधले मार्कर काका. मार्कर म्हणजे कोण, हे नवीन मंडळींना सांगते. आपल्याकडच्या बिलियर्ड्स रूममध्ये पूर्वीपासून एक माणूस असतो. तो स्कोअर लिहितो, बॉल लावून देतो, कापडावर ब्रश फिरवतो, तासाचा हिशोब ठेवतो. आणि बऱ्याचदा त्या खोलीतला सगळ्यात चांगला खेळाडूही तोच असतो, फक्त तो खेळताना दिसत नाही. दिवसभर तो दुसऱ्यांचा खेळ बघतो. त्यामुळे त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं तरी पुष्कळ झालं.

त्या दिवशी एट-बॉल चालू होता. टेबलवर माझे पाच बॉल आणि काळा आठ नंबर. पाचही गेले, मग काळाही गेला. काका पुढचा रॅक लावायला आले आणि ते वाक्य बोलून गेले. माझी मैत्रीण भडकली. “काय काका, जरा कौतुक तरी नीट करा की!” ते फक्त हसले. मी मात्र घरी पोचेपर्यंत हवेत होते.

का, ते समजायला आधी पूल आणि कॅरम यांच्यातला एक फरक बघू. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून आपण परत आपल्या रेषेवर ठेवतो. हवा तिथे सरकवतो, पुढची सोंगटी बघून जागा निवडतो. पूलमध्ये ही सोय नाही. पांढरा बॉल जिथे थांबला, तिथूनच पुढचा शॉट. म्हणजे प्रत्येक शॉटला दोन कामं असतात: रंगीत बॉल पॉकेटमध्ये घालणं, आणि पांढरा पुढच्या बॉलसाठी बऱ्या जागी नेऊन उभा करणं. पहिल्या कामाचा आवाज येतो, ठक् करून बॉल पडतो, सगळे तिकडे बघतात. दुसऱ्या कामाचा आवाज येत नाही.

आता दुसरं काम दर वेळी नीट झालं तर काय होईल? पुढचा बॉल जवळ असेल आणि बऱ्यापैकी सरळ असेल. त्याच्या पुढचाही तसाच. बाकड्यावर बसून कोल्ड्रिंक पिणाऱ्याला वाटेल, हिला काय, लागोपाठ सोपेच मिळतायत. काकांच्या वाक्याचा अर्थ हा होता. सोपे बॉल मिळत नसतात, ते आधीच्या शॉटने तयार होतात, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

हे तयार कसं करायचं, ते पाहू. यात जादू नाही, शाळेतलं फिजिक्स आहे. पूलचा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा असतो, आणि क्यूची टिप त्यावर नेमकी कुठे लागते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. समजा समोरचा बॉल अगदी सरळ रेषेत आहे. पांढरा त्याला धडकताना ना पुढे लोळतोय ना मागे फिरतोय, नुसता घसरतोय, तर तो जागच्या जागी थांबतो. त्याचा जवळपास सगळा वेग समोरच्याला जातो. हा स्टॉप शॉट. धडकताना पांढरा पुढे लोळत असेल, तर क्षणभर थबकून तो पुन्हा पुढे जातो. उलटी फिरकी असेल तर मागे येतो, त्याला आपल्याकडे स्क्रू म्हणतात. मागे येणारा पांढरा बघायला मस्त वाटतो, म्हणून नवीन पोरं आधी तेवढंच शिकतात.

गंमत म्हणजे स्क्रूपेक्षा लांबून मारलेला स्टॉप शॉट अवघड वाटतो मला. कारण तुम्ही बरोबर मध्यावर मारलं तरी पांढरा थोडं अंतर घसरतो आणि मग कापडाच्या घर्षणामुळे लोळायला लागतो. चार फुटांवरच्या बॉलपर्यंत पोचेपर्यंत तो लोळतच असतो, म्हणजे धडकेनंतर पुढे पळणार. त्याला तिथे थांबवायचं तर मध्याच्या खाली मारायचं, म्हणजे सुरुवातीला उलटी फिरकी मिळते. ती वाटेत विरत जाते आणि, अंदाज बरोबर असेल तर, नेमकी धडकेच्या क्षणी संपते. किती खाली मारायचं आणि किती जोरात, हे अंतरावर आणि कापडावर ठरतं. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होतं, तेव्हा हा सगळा हिशोब बदलतो. एवढं सगळं करून दिसतं काय? एक बॉल गेला आणि पांढरा उभा राहिला. टाळी कोण वाजवणार?

शॉट तिरका असेल तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. धडकताना पांढऱ्यावर पुढची-मागची फिरकी नसेल, तर दोन्ही बॉल एकमेकांशी काटकोन करून निघतात. आणि पांढरा लोळत येऊन साधारण अर्ध्या बॉलवर धडकला, तर तो आपल्या मूळ रेषेपासून जवळपास ३० अंश वळतो. हे दोन कोन डोळ्यांत बसले की मारायच्या आधीच पांढरा कुठे जाणार ते दिसायला लागतं.

आता काकांच्याच दुसऱ्या वाक्याकडे येते. रॅक लावून झाल्यावर मी विचारलं, “काका, कुठला शॉट बरा होता?” ते म्हणाले, “चौथा. पांढरा हलवला नाहीस ते बरं केलंस, पोरी.” चौथा बॉल मधल्या पॉकेटसमोर होता, जवळजवळ सरळ. बघणारे चार लोक होते. स्क्रू मारून पांढरा सर्रकन मागे आणायचा मोह झाला होता, नाही असं नाही. पण पाचवा बॉल तिथूनच दिसत होता. म्हणून हलकाच ठोका देऊन पांढरा उभा केला. त्या रॅकमधला सगळ्यात न दिसणारा शॉट त्या माणसाने बरोबर उचलला. पहिल्या वाक्याइतकंच मी हेही जपून ठेवलंय.

“काय शॉट मारलास यार!” या वाक्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ऐकायला छान वाटतंच, खोटं कशाला बोलू? पण ज्या शॉटवर आरडाओरडा होतो, तो बहुतेक वेळा आधीच्या शॉटचं कर्ज फेडणारा असतो. पांढरा भलत्या जागी गेला, म्हणून मग दोन कुशन घेऊन मारावं लागलं.

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस तुम्ही यूट्यूबवर पाहिला असेलच. १९९९ साली कार्डिफमध्ये नाईन-बॉलचा जगज्जेता झाला. लोक त्याला ‘द मॅजिशियन’ म्हणतात. घरचं टोपणनाव ‘बाता’, म्हणजे तिकडच्या टागालोग भाषेत लहान मुलगा, कारण त्याच्या पूल हॉलमध्ये त्याच नावाचा वयाने मोठा खेळाडू आधीच होता. त्याचा सगळ्यात गाजलेला शॉट १९९५ चा, अमेरिकेतल्या रीनो शहरातला. समोर अर्ल स्ट्रिकलंड. रेयेसला पाच नंबरचा बॉल सरळ दिसतच नव्हता, मध्ये दुसरा बॉल आडवा. त्याने पांढरा दोन कुशनांवरून झेड अक्षरासारखा फिरवला आणि पाच नंबर थेट पॉकेटमध्ये घातला. खुर्चीवरून उठावं असाच शॉट आहे, वाद नाही. पण एक विचार करा, त्याला असा शॉट मारावा का लागला? कारण स्ट्रिकलंडने पांढरा नेमका आडोशाला लपवला होता. त्या लपवण्याचं कौतुक कोणी करत नाही.

या लपवण्याला सेफ्टी म्हणतात, आणि इथे वेगळ्याच जातीची कॉम्प्लिमेंट मिळते. आपला बॉल जाण्यासारखा नाही, मग समोरच्याला काही दिसणारच नाही अशी व्यवस्था करायची. तो आपल्या बॉलला आधी लागला नाही तर फाऊल, आणि पांढरा तुमच्या हातात. अशी सेफ्टी बसली की समोरचा काय म्हणतो? “ए, हे काय केलंस यार!” किंवा नुसताच एक लांब सुस्कारा, मग टेबलाभोवती दोन फेऱ्या. माझ्या हिशोबात तो सुस्कारा दहा ‘गुड शॉट’च्या बरोबरीचा. मनापासून येतो, ठरवून देता येत नाही.

जुने खेळाडू तर बोलतच नाहीत. क्यूचं मागचं टोक जमिनीवर हलकेच ठोकतात, किंवा टेबलाच्या लाकडी कडेवर बोटांनी टकटक करतात. टीव्हीवर स्नूकर बघताना ऐकलं असेल. आणि बॉल नशिबाने गेला, फ्लूक झाला, तर मारणारा स्वतःच हात वर करून सॉरी म्हणतो. म्हणजे जी शाबासकी आपली नाही ती घ्यायची नाही, हे शिष्टाचारातच बसवलंय. स्नूकरचं तर नावही एका टोमण्यातून आलंय, आणि तेही आपल्या शेजारी, जबलपूरमध्ये. १८७५ साली तिथल्या ब्रिटिश ऑफिसर मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हा खेळ जुळवला. सोपा बॉल चुकवणाऱ्या सोबत्याला तो ‘स्नूकर’ म्हणाला. मिलिटरी अकॅडमीतल्या नवख्या पोरांना चिडवायचा तो शब्द होता. पुढे तोच खेळाला चिकटला.

आता ती कॉम्प्लिमेंट, जी मला सगळ्यात जास्त वेळा मिळते: “मुलगी असून भारी खेळतेस!”

म्हणणारा बहुतेक वेळा चांगल्या मनाने म्हणतो, हे मला कळतं. पण या वाक्यात माझा एकही शॉट नाही. पांढरा कुठे थांबला, सेफ्टी कशी बसली, काही नाही. फक्त माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती आणि ती अपेक्षा मोडली, एवढंच त्यात आहे. पार्लरमध्ये मुली कमी येतात, आणि आल्या तरी टेबलापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघितलं जातं. अशात हे वाक्य कौतुक म्हणून रोज गिळायचं का?

शाबासकी परत करता येते, हे मला मायकल फरेरांच्या गोष्टीवरून पटलं. मुंबईचे बिलियर्ड्सपटू, १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हौशी गटाचे जगज्जेते. १९८१ साली त्यांना पद्मश्री देऊ केली, तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. क्रिकेटमध्ये सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं, मग जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला एक पायरी खाली का, हा त्यांचा मुद्दा. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. काहींना तो अहंकार वाटेल. मला तो सरळ हिशोब वाटतो.

मी पद्म पुरस्कारवाली नाही, त्यामुळे माझी पद्धत साधी आहे. कोणी “मुलगी असून” म्हणालं की मी हसून विचारते, “कुठला शॉट आवडला, दादा?” भांडण नाही, काही नाही. एकदा शेजारच्या टेबलवरचा एक मुलगा गडबडला, विचार करून म्हणाला, “तो लांबचा, कोपऱ्यातला.” मग म्हणाला, “पण पांढरा परत मध्ये कसा आणलास?” झालं! पुढची पंधरा मिनिटं आम्ही टिप कुठे लावायची यावर बोललो. आता तो भेटला की “काय चाललंय, पार्टनर” म्हणतो.

शेवटी एका कॉम्प्लिमेंटपासून सावध करते. सामना रंगात आलाय, तुम्ही ओळीने तीन बॉल घातलेत, आणि समोरचा अगदी प्रेमाने म्हणतो, “भावा, आज तुझा हात काय सुटलाय! मारताना कोपर नक्की कुठे ठेवतोस?” इतका वेळ कोपर आपोआप हलत होतं. आता तुम्ही वाकता आणि कोपराचा विचार करता. बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर येतो. “हा तर गेलाच समज” हे बॉल पडायच्या आधी म्हणणं त्याच घराण्यातलं. काही जण मुद्दाम करतात, काही भाबडेपणाने, परिणाम सारखाच.

अशा वेळी मी सरळ उभी राहते, क्यूला चॉक लावते, कापडावरचा एखादा कण उगाच झटकते आणि मग पुन्हा वाकते. कोपराबद्दल गेम संपल्यावर सांगते.

तर तुमच्या टेबलवरची वाक्यं पाठवा, पूलची, स्नूकरची, कॅरमचीही चालतील. व्हॉइस नोट एका मिनिटाच्या आत, आणि मागे पंखा कमी ठेवा, प्लीज.