कुंपणाच्या आतला धंदा

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रविवारी दुपारी पाटीवर भाव लावणारा माणूस परवानाधारक व्यावसायिक असतो. तोच माणूस तेच भाव डोंबिवली स्टेशनबाहेरच्या टपरीशी उभा राहून सांगू लागला, तर पोलीस त्याला उचलतील आणि कायद्याने ते बरोबरच ठरेल. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा घोड्यांच्या शर्यतीवरची पैज जुगारातून वगळतो, पण अटी घालून. पैज शर्यतीच्या दिवशीच लागली पाहिजे, रेसकोर्सवर राखून ठेवलेल्या आवारातच लागली पाहिजे, आणि परवाना असलेल्या बुकमेकरकडे किंवा टोटवरच (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेवरच) लागली पाहिजे. या कुंपणात उभं राहून पोट भरणाऱ्यांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. आपल्याकडे रेसवर लिहिलं जातं ते डर्बीच्या दिवशी मिरवणाऱ्या टोप्यांबद्दल, नाहीतर रेसपायी घर विकून बसलेल्या कुणा काकांबद्दल.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात रेसकोर्स नाही. २०२३ मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स मुलुंडला हलवायची चर्चा उठली, तेव्हा ते ठाण्याच्या वेशीवर येतं की काय असं वाटलं होतं. तसं झालं नाही. २०२४ च्या तोडग्यात २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला गेले, ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे राहिले आणि भाडेपट्टा २०५३ पर्यंत वाढला. त्यामुळे या पट्ट्यातल्या रेसवेड्यांची वाट तीच राहिली: मध्य रेल्वेने दादर, पूल ओलांडून पश्चिमेची धिमी गाडी, मग प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. नोव्हेंबर ते एप्रिल हा मुंबईचा हंगाम. पावसाळ्यात घोडे पुण्याला जातात आणि मागोमाग हा धंदाही जातो.

इतिहास थोडक्यातच सांगतो, कारण तो क्लबच्या भिंतींवर भरपूर टांगलेला असतो. आधी शर्यती भायखळ्याला होत. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला 'रॉयल' हा शब्द १९३५ मध्ये मिळाला. पहिली इंडियन डर्बी १९४३ ची, ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. पुढे पांडू खाडे, शामू चव्हाण यांच्यासारखे मराठी जॉकी गाजले. बुकमेकरची तसबीर मात्र कुठे लागत नाही, आणि त्याचंही त्यावाचून काही अडत नाही.

त्याचा दिवस घोड्यापासून सुरू होतो हा गैरसमज आहे. तो सुरू होतो कागदापासून. कोण धावतंय, कोण ऐनवेळी गळलं, हँडिकॅपमध्ये कुणाच्या पाठीवर किती वजन आलं, जॉकी बदलला का, सकाळच्या सरावात कोण मोकळा पळाला. यातलं बरंचसं पंटरलाही, म्हणजे पैज लावणाऱ्यालाही, ठाऊक असतं. बुकमेकरला वेगळं येतं ते एवढंच की या माहितीला आकड्यात बसवायचं कसं. समजा पाच घोडे आहेत. फेव्हरिटला त्याने एकास एक भाव दिला, दुसऱ्याला एकास तीन, तिसऱ्याला एकास चार, उरलेल्या दोघांना एकास नऊ. आता उलटा हिशेब करा. कुठलाही घोडा जिंकला तरी बुकमेकरच्या हातून, पंटरची मूळ रक्कम धरून, बरोबर शंभर रुपये जावेत, तर पहिल्यावर ५० रुपये जमायला हवेत, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर २०, आणि शेवटच्या दोघांवर दहा-दहा. बेरीज ११५. शंभर द्यायचे, ११५ घ्यायचे. वरचे पंधरा हे त्याचं पोट, त्यातच कारकुनांचे पगार आणि स्टॉलचा खर्च.

कागदावर हे सोपं दिसतं, कारण कागदावर पंटर शहाण्यासारखे पैसे वाटून लावतात. रिंगमध्ये, म्हणजे बुकमेकरांच्या स्टॉलच्या आवारात, तसं होत नाही. पॅडॉकमधून घोडे बाहेर पडतात आणि सुटायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं सगळी गर्दी एकाच घोड्यावर तुटून पडते. एकास तीन भावाने कुणी पन्नास हजार लावले की दीड लाखाचं देणं डोक्यावर बसलं. लगेच त्या घोड्याचा भाव तीनवरून दोनवर येतो, बाकीच्यांचे चढतात, म्हणजे पैसा दुसरीकडे वळावा. तरी बोजा उतरत नसेल, तर बुकमेकर स्वतःच शेजारच्या बुकमेकरकडे जाऊन तोच घोडा लावतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, बुकीसुद्धा जुगार खेळतोय. तो खरं तर विमा उतरवत असतो. आणि पैसा कुणाकडून आला याकडे त्याचं पैशापेक्षा जास्त लक्ष असतं. ज्याचा अंदाज सहसा चुकत नाही, त्याच्या पाच हजारांनी भाव हलतो. नुसत्या हौशी माणसाच्या पन्नास हजारांनीही हलत नाही. स्टॉलवर खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाची कसोटी इथेच लागते. आवाजाच्या कल्लोळात आकडा, घोडा आणि भाव यांतलं एकही चुकलं तर भांडण ठरलेलं.

शर्यत संपली म्हणजे काम संपलं असंही नाही. निकाल जाहीर झाला तरी एखाद्या जॉकीने हरकत घेतली, तर चौकशी होऊन निकाल पक्का होईपर्यंत पैसे वाटता येत नाहीत. पंटर पावत्या नाचवत उभे, आणि बुकमेकरचा चेहरा दगडी. घोडा सुटायच्या आधीच शर्यतीतून बाहेर काढला गेला, तर त्याच्यावरचे पैसे परत करायचे आणि त्याच्या भावाच्या मानाने उरलेल्यांच्या जिंकीतून कपात करायची. ही कपात पंटरला समजावून सांगणं हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग असावा. मला स्वतःला ती तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळली. अशा सात-आठ शर्यती अर्ध्या-अर्ध्या तासाने होतात. मधल्या वेळात पडद्यावर बंगळूर, हैदराबाद किंवा चेन्नईची शर्यत चालू असते आणि तिचेही भाव लावायचे असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. निकालात कौशल्य घोडा, जॉकी आणि अंदाज बांधणारा पंटर यांचं आहे. भाव बांधणाऱ्याचं कौशल्य पाहायचं तर शेजारी मटका ठेवून पाहावा. (कल्याण मटक्याचा कल्याण शहराशी संबंध नाही. १९६२ च्या सुमारास वरळीत तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचं ते नाव. आमच्या भागातल्या लोकांना हे जन्मभर सांगत बसावं लागतं.) मटक्यात एका आकड्याला एकाचे नऊ मिळतात आणि आकडे दहा. दहा टक्के बसल्या जागी सुटतात, डोकं चालवायचं कारणच नाही. घोड्यांच्या रिंगमध्ये ते पंधरा रुपये दर शर्यतीला नव्याने कमवावे लागतात, आणि भाव चुकला तर उलट खिशातून जातात.

जगात सगळीकडे हा माणूस चालतो असंही नाही. पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर या गृहस्थाने १८६७ मध्ये टोटची कल्पना काढली: सगळ्यांचे पैसे एका पेटीत, ठरलेली टक्केवारी कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. १८९१ मध्ये फ्रान्सने बुकमेकरना बाहेरच काढलं. हाँगकाँगमध्येही सगळा कारभार जॉकी क्लबच्या टोटवर चालतो. टोटला धोका नाही, पण पैसे लावताना आपल्याला भाव काय मिळणार हे पंटरला कळत नाही. इंग्लंडने बुकमेकर ठेवला, आणि १९६१ पासून गल्लोगल्ली पैजांची कायदेशीर दुकानं उघडू दिली. आपण इंग्लंडचा बुकमेकर घेतला आणि त्याला कुंपणात ठेवलं. दोनशे-पाचशे रुपयांसाठी डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून जायचा कंटाळा येणाऱ्यासाठी मग फोनवरचा बेकायदा बुकी तयारच असतो. तो भाव महालक्ष्मीचाच देतो, उधार देतो, आणि कर घेत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळं येऊन ठेपलं आहे. जीएसटी आल्यापासून रेसवरच्या पैजेवर २८ टक्के कर होता, आणि तो मार्जिनवर नव्हे, लावलेल्या पूर्ण रकमेवर. टोटच्या बाबतीत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे चूक ठरवून क्लबच्या कमिशनपुरताच कर लागू शकतो असं म्हटलं होतं. २०२३ च्या दुरुस्तीने सरकारने पूर्ण रकमेची पद्धत कायद्यातच पक्की केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे. वरच्या उदाहरणातल्या ११५ रुपयांवर हा कर ४६ रुपये होतो, आणि बुकमेकरला सुटणार होते पंधरा. साहजिकच तो कर पंटरवर जातो. फेव्हरिटवर शंभर लावायला १४० मोजायचे, जिंकलं तर हातात २००. एकास एकचा भाव जेमतेम त्रेचाळीस पैशांवर आला. वर दहा हजारांपुढच्या जिंकीवर ३० टक्के आयकर कापला जातो तो वेगळा. फोनवरच्या बुकीकडे त्याच शंभराचे सरळ दोनशे मिळतात.

हे पंटरला नीतीचे धडे देऊन सुटणारं प्रकरण नाही. रेस वाईट, बंदच करा, असं कुणी म्हटलं तर ते मी समजू शकतो. ती एक भूमिका आहे. पण परवाना द्यायचा, कुंपण घालायचं आणि आतला भाव बाहेरच्यापेक्षा महाग करून ठेवायचा, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा आहे हे उघड आहे. इंग्लंडची गिऱ्हाइकंही कर चुकवायला परदेशी फोन फिरवू लागली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये तिथल्या सरकारने लावलेल्या रकमेवरचा कर काढून टाकला आणि बुकमेकरला सुटणाऱ्या रकमेवर १५ टक्के लावले. त्या हिशेबाने आपल्या पाच घोड्यांच्या शर्यतीत सरकारला सव्वादोन रुपये मिळतील. आज कागदावर ४६ दिसतात, पण पंटरने फोन उचलला तर त्यातला एकही येत नाही.