आमट्यांचं गोकुळ

भामरागडच्या जंगलात हेमलकसा आहे. 1973 साली बाबा आमटेंनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. सुरुवातीच्याच काळात त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटेंना शिकार घेऊन निघालेले माडिया आदिवासी भेटले. मेलेल्या माकडिणीच्या छातीला पिल्लू बिलगलेलं, अजून दूध शोधत होतं. धान्य देऊन त्यांनी ते मागून घेतलं, त्याचं नाव बबली. मग बिबटे, अस्वलं, तरस, साप येत गेले. शिकार हीच ज्यांची भाकरी, त्यांना उपदेश करून उपयोग नव्हता, देवघेव पटली. विलास मनोहरांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळे इथला बिबट्या घरोघरी पोचला. बिबट्यासोबतचे फोटो मोहक खरे, पण 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार असे प्राणी परवानगीविना पाळणं गुन्हा आहे. पिल्लू सापडलं तर वनखात्याला कळवा.