रहिवासी मासे आणि दोन घरांचं पाणी

घर बदलायचं ठरलं की सामानाच्या यादीत सगळ्यांत अडचणीची वस्तू ठरते ती फिशटँक. कपाट सुटं करून नेता येतं, फ्रिज ट्रकमध्ये चढतो. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, वर वाळू, झाडं आणि दहा-बारा पोहणारे जीव. मग मे महिन्यातल्या बदल्यांच्या दिवसांत, किंवा मुलं शिकायला बाहेरगावी गेली की, ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते : तुमच्याकडे टाकी आहेच, आमचे मासे घेता का? घेणाऱ्यालाही त्यात वावगं वाटत नाही. त्याची टाकी दोन-तीन वर्षांची मुरलेली असते, एंजल, टेट्रा, मोली असा मिश्र संसार सुखाने चाललेला असतो, त्यात आणखी चार जीव. शिवाय हे मासे दुकानातले नाहीत, कुणाच्या तरी घरी वर्षानुवर्षं नीट वाढलेले आहेत, म्हणजे धोका कमीच, असा हिशेब असतो. गफलत या हिशेबातच आहे. बाजारातला मासा प्रवासी असतो. पैदास करणाऱ्याच्या हौदातून ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात, असं त्याचं पाणी सतत बदलत आलेलं असतं. घरातला मासा रहिवासी असतो. एकच पाणी, तेच जंतू, तेच शेजारी यांच्याशी त्याचं जमलेलं असतं. तुमच्या टाकीतले मासेही तसेच रहिवासी. दत्तक मासा आणताना दोन मुरलेली घरं एकत्र येतात, आणि त्यांचं मुरलेपणच अडचणीचं ठरतं. ही गोष्ट पाणी, रोग आणि शेजार या तिन्ही बाबतींत तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी पाणी. माशाच्या कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. या प्रक्रियेत आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातले कार्बोनेट क्षार हळूहळू संपवतं. ज्या घरात पाणी बदलायचा कंटाळा आहे, तिथे वर्षभरात पीएच सातवरून सहाच्या आसपास उतरतो आणि नायट्रेट साठत जातं. हे इतक्या सावकाश घडतं की मासे त्याला सरावतात आणि मालकाला सगळं उत्तम चाललंय असं वाटतं. पाणी फार आम्लधर्मी झालं की ते जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. तरीही मासे जगतात, कारण अशा पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम या सौम्य रूपात असतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांवर जातं. म्हणजे अमोनिया तेवढाच, विष दहापट. शिवाय आपल्याकडे शेजारच्या दोन सोसायट्यांचं पाणीही एक नसतं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारं पाणी पावसाचं आणि मऊ. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बहुतेक वेळा क्षारयुक्त. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरचं पाणी सतत झिरपत असतं. ते मूत्रावाटे बाहेर टाकायचं आणि क्षार कल्ल्यांनी आत ओढून धरायचे, हे काम तो चोवीस तास करतो. बाहेरचे क्षार एकदम बदलले की हे सगळं गणित त्याला नव्याने मांडावं लागतं, आणि त्यासाठी काही तासच नव्हे, तर दिवस लागतात.

प्लॅस्टिकच्या पिशवीत नेमकं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. तोंड बांधलेल्या पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून तिच्यात तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं, ही काळजी वाटली तरी माशाच्या दृष्टीने जाच ठरू शकते. अर्ध्या तासाच्या अंतरावरून आणलेल्या माशाला थेंब-पद्धत चालते. रात्रभराच्या प्रवासाने आलेल्याला तापमान जुळताच जाळीने उचलून, आधीच जुळवून ठेवलेल्या पाण्यात सोडणं बरं. पिशवीतलं पाणी मात्र दोन्ही वेळा मोरीत जावं, टाकीत नाही.

आता रोग. मासे देणारा सांगतो, तीन वर्षांत एकही आजारी पडला नाही. ते खरंही असतं. पण त्यातून एवढंच कळतं की त्या घरातल्या माशांचं त्या घरातल्या जंतूंशी जमलं आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या, ज्याला हौशी मंडळी ‘इक’ म्हणतात. अंगावर साखरेचे कण चिकटल्यासारखे जे ठिपके दिसतात, तो त्वचेखाली शिरून वाढणारा एकपेशीय परजीवी असतो. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी बसतो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आत शेकडो तुकड्यांत विभागतो. ही पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि दोन-एक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हे चक्र आठवडाभरात पुरं होतं, थंड पाण्यात त्याला महिना लागतो. औषध लागू पडतं ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखालच्या आणि आवरणातल्या अवस्था त्याला दाद देत नाहीत. एकदा रोग पचवलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, आणि परजीवी कल्ल्यांतच असेल तर अंगावर ठिपकाही दिसत नाही. असा धडधाकट मासा तुमच्या टाकीत आला की पंधरा दिवसांनी तुमचे टेट्रा ठिपकाळतात, आणि दोष पाण्याला दिला जातो. गप्पी-मोलींच्या आतड्यात राहणाऱ्या कॅमॅलॅनस या लाल कृमीचंही तसंच. गुदद्वारातून लाल धाग्यासारखी टोकं दिसेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मासे उलट दिशेनेही आजारी पडू शकतात, म्हणजे तुमच्या टाकीतल्या जंतूंनी पाहुणाच आडवा होतो. त्याने ते जंतू कधी पाहिलेले नसतात.

तिसरी बाब शेजाराची, आणि तिला सर्वांत कमी महत्त्व दिलं जातं. मासा विसराळू, त्याला कोण नवं नि कोण जुनं काय कळणार, ही समजूत प्रयोगांपुढे टिकत नाही. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात टांगानिका सरोवरातल्या एका सिक्लिड माशाला शेजारच्या माशांच्या झुंजी नुसत्या बघायला दिल्या होत्या. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने ड ला, ड ने इ ला. ब आणि ड यांची झुंज त्याने पाहिलीच नव्हती. तरी निवड करायची वेळ आली तेव्हा तो ड ला कमजोर धरून वागला. आपल्या टाकीतला एंजल याच सिक्लिड कुळातला. टाकीत कोपरे वाटून घेतलेले असतात, आणि ज्याची जागा आधीची त्याचं पारडं जड, हा नियम माशांतही चालतो. नवा मासा आला की जागेचा मालक त्याच्यासमोर आडवा उभा राहतो, पर ताणतो, कल्ले फुगवतो, शेपटीचा फटकारा मारून पाण्याची लाट त्याच्या अंगावर ढकलतो. पहिल्या तासातली हार बाकीचेही पाहत असतात. झटापटीत कातडी फाटली तर आणखी एक गोष्ट घडते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ मध्ये दिसलं की मिनो जातीच्या जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याने सगळा थवा भेदरतो. टेट्रा, बार्ब, कोरिडोरास हे त्याच मोठ्या गटातले. एका फाटलेल्या पराची किंमत टाकीतले सगळे मोजतात.

थव्याने राहणाऱ्या माशांचा प्रश्न याहून नाजूक. देणाऱ्याकडे बहुधा थव्यातले शेवटचे एक-दोन उरलेले असतात. एकटा पडलेला टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो, आणि आठजणांत राहिला तर त्याची दादागिरी आपसांतच जिरते. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या ओढ्यांतला. त्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं आणि जात म्हणून तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. त्याला लांब टाकी, पाण्याला ओढ आणि सोबतीला आपले भाईबंद लागतात. संथ पाण्यातल्या एंजल-गुरामींच्या संसारात असे दोन मासे सोडणं म्हणजे दोघांचीही गैरसोय.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की टाकी मुरलेली आहे म्हणजे ती चार मासे सहज सोसेल. मुरलेपण म्हणजे शिल्लक ताकद, असं यात गृहीत धरलेलं असतं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १८५० च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका टाकीत ठेवून समतोल साधून दाखवला. पण झाडाची पानं कुजून पाणी बिघडू लागलं तेव्हा ती खायला गोगलगायी आणाव्या लागल्या. टाकीचा समतोल त्या टाकीतल्या नेमक्या जिवांपुरताच असतो. फिल्टरमधले जिवाणू रोजच्या अमोनियाच्या बेताने वाढलेले असतात. बारा माशांचा बेत एका दिवसात सोळांवर गेला तर ते गाठेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वर येतात. त्यातच दिवाळीच्या साफसफाईत फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला असेल, तर क्लोरीनने त्यातले बरेच जिवाणूही गेलेले असतात. अशा आठवड्यात पाहुणे घेऊच नयेत.

मग उपाय काय? वेगळी छोटी टाकी आणि चार आठवडे. विलगीकरण हा शब्द कोविडने सगळ्यांना शिकवला, पण इथे त्याचा अर्थ थोडा रुंद करावा लागतो. ही टाकी रोग अडवणारं फाटक तर आहेच, दोन पाण्यांमधला साकवही आहे. चाळीस लिटरची साधी काच, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, लपायला कुंडीचा तुकडा, वर झाकण. वाळू नको, म्हणजे तळ दिसतो आणि विष्ठेवर लक्ष राहतं. तिच्यात पाणी भरायचं ते माशांच्या जुन्या घरचं, आणि फिल्टरमध्ये स्पंज लावायचा तोही त्यांच्याच टाकीतला. आणताना स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवायचा. जिवाणू आयते मिळतात. सोबत जंतू आले तरी माशांच्या ओळखीचेच, आणि ते मुख्य टाकीपासून दूर राहतात. मग दर दोन दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी काढून तुमच्या घरचं, क्लोरीन घालवलेलं पाणी भरत जायचं. पहिल्या दिवशी ती टाकी पाण्याच्या दृष्टीने देणाऱ्याची असते, चौथ्या आठवड्यात तुमची. अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट किटवर शून्य दिसले पाहिजेत. देणाऱ्याच्याच टाकीत अमोनिया निघाला तर घाई करू नये. त्याने दोन-तीन आठवडे थोडं थोडं पाणी बदलून मगच मासे द्यावेत. जाळी, बादली, नळी या टाकीची वेगळी. शेवटी मुख्य टाकीत सोडताना दगड-झाडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांचीही कोपऱ्यांवरची मालकी मोडते. दिवा बंद ठेवावा, आणि चार मासे असतील तर एकेकटे न सोडता दोन-दोन सोडावेत.

दुसरा आक्षेप जागेचा : वनरूम किचनमध्ये दुसरी टाकी ठेवायची कुठे? चाळीस लिटरची काच जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात मावते आणि महिनाभराने रिकामी करून माळ्यावर जाते. तेवढीही जागा नसेल तर नवे मासे घ्यायला जागा नाही, हाच त्याचा प्रामाणिक अर्थ. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : दोनदा हलवल्याने माशाला दुप्पट ताण नाही का बसणार? बसतो. पण पहिल्या हलवण्यात पाणी बदलत नाही आणि दुसऱ्यात पाणी आधीच जुळलेलं असतं. पाणी, जंतू आणि शेजार हे तिन्ही धक्के एकाच संध्याकाळी बसण्यापेक्षा वेगवेगळे बसलेले बरे. चार आठवड्यांनी सगळं कळतं असंही नाही. माशांचा क्षय, ज्याचा जंतू १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत सापडला, महिनोन्‌महिने दडून राहू शकतो, आणि हाताला जखम असेल तर माणसाच्या त्वचेलाही गाठी आणतो. म्हणून पाठ वाकलेला, खंगलेला मासा घेऊ नये आणि कापलेला हात टाकीत घालू नये. विलगीकरणाने धोका शून्यावर येत नाही, पण नेहमीचे आणि झपाट्याने पसरणारे रोग बहुतेक या महिन्यातच बाहेर पडतात.

काही माशांना मात्र सरळ नाहीच म्हणायला हवं. घरात भरभराट व्हावी म्हणून आणलेला फ्लॉवरहॉर्न मिश्र टाकीत बाकीच्यांचा जीव घेतो. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. ‘शार्क’ म्हणून विकलेला पंगॅशियस मीटरभर होणारा नदीतला मासा आहे. काच साफ करायला आणलेला सकर दीड फुटाच्या घरात जातो. नाही म्हटलं तर देणारा हे मासे तलावात सोडेल, अशी भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण त्यावर उत्तर तुमची टाकी नव्हे. परदेशी सकर पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत पसरून तिथल्या मत्स्यशेतीला त्रासदायक झाला आहे, आणि भारतातल्या इतरही अनेक जलाशयांत तो आढळतो. तळ्यात सोडणं हे दान नव्हे. असा मासा मोठी टाकी असलेल्या शौकिनाकडे किंवा ज्याच्याकडून घेतला त्या दुकानाकडे परत जावा. देणाऱ्याला ही वाट दाखवून देणं हीसुद्धा मदतच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं की आमचे मासे घेता का, तर आधी तीन गोष्टी विचारा : जात कोणती, पूर्ण वाढ किती होते, आणि पाणी नळाचं की बोअरचं. उत्तरं पटली तर होकार जरूर द्या. फक्त मासे आणायला जाताना पिशव्यांबरोबर वीस-वीस लिटरचे दोन रिकामे कॅनही न्या, आणि निघताना त्यांच्या फिल्टरमधला स्पंज मागून घ्यायला विसरू नका.