संमतीवाचून शिरकाव

माणसाचा पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, आप्तेष्टांचे पत्ते आणि घरची छायाचित्रे आज एका फोनमध्ये सामावली आहेत. त्यात कोणी व कुठवर शिरावे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र कुंपणात असते. कॅमेरा, माइक वा संपर्कयादी हवी असल्यास त्याने फोनधारकास विचारावे, असा नियम आहे. पूर्वी सर्व परवानग्या ॲप घेतानाच एकगठ्ठा मागितल्या जात. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून गरजेच्या वेळी विचारणा होऊ लागली आणि एकेका मागणीस नकार देणे शक्य झाले. परंतु कारखान्यातूनच प्रणालीचा भाग म्हणून बसवलेल्या ॲपची गोष्ट निराळी. त्याला काही परवानग्या आधीच बहाल झालेल्या असू शकतात, आणि ते समूळ काढणे सामान्य ग्राहकाच्या हाती नसते.

म्हणूनच दूरसंचार खात्याचा २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आम्हांस चिंताजनक वाटला. ‘संचार साथी’ हे ॲप नव्या फोनमध्ये ९० दिवसांच्या आत बसवावे व त्याची कार्ये निष्क्रिय करता येऊ नयेत, असे निर्मात्यांस फर्मावण्यात आले होते. चोरीचे व बनावट फोन हुडकण्याचा हेतू स्तुत्यच. पण तेवढ्याने संमतीची गरज संपत नाही. लोकक्षोभानंतर ३ डिसेंबर रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली, हे योग्यच झाले.

कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादीस व छायाचित्रांस हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. कर्जदारांच्या नातलगांस धमकावण्याचे प्रकार पाहता ते आवश्यकच होते. मग तोच दंडक सरकारला का नसावा? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. असे असूनही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्याचे सतरावे कलम केंद्राला आपल्या यंत्रणांस सूट देण्याची मुभा देते.

सत्तेला जनतेच्या खासगी जीवनात डोकावण्याची चटक लागली की काय होते, हे सालाझारशाहीची सेन्सॉरशिप १९६१ पर्यंत सोसलेल्या गोव्याला सांगावयास नको. मागे घेतलेला आदेश उद्या नव्या नावाने परतू शकतो. संसदेने केलेल्या स्पष्ट कायद्यावाचून कोणतेही ॲप फोनधारकांवर लादता येऊ नये, आणि नको असलेले ॲप काढून टाकण्याचा अधिकार त्यांना असावा, अशी तरतूद झालीच पाहिजे.