मालक आणि मुलं एका सतरंजीवर



दिवाळीनंतर मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापूस येऊ लागला की माणसं कमी पडतात. आणि सातपुड्याच्या पायथ्याची, जळगाव जामोद-संग्रामपूरकडची कोरकू मुलं कामासाठी जिल्ह्याबाहेर जातात. म्हणून आम्ही काही मालकांना मुलांसमोर बसवलं. भाषण नाही, मुलांनीच विचारायचं.

अर्धा तास कोणी तोंड उघडेना. मला घाम फुटला. शेवटी एक मालक म्हणाले, "तुमची पोरं ऐन हंगामात, होळीला पळून जातात." एक मुलगा उठला. "साहेब, होळी आमचा सगळ्यात मोठा सण. पळत नाही, घरी जातो. सांगून गेलो तर परत घ्याल का?" मालकांना हे ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "आधी सांगा, पाळ्या बदलून घेऊ."

शिकाऊ उमेदवारीबद्दल मात्र दोन्ही बाजूंना कमीच माहिती होती. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला असे उमेदवार घ्यावेच लागतात; 4 ते 29 असतील तर मालकाची इच्छा. उमेदवाराला काम शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं. नोंदणीला आधार कार्ड आणि बँक खातं लागतं. खातं नसलेल्या मुलांना आम्ही आता बँकेत नेतो आहोत.

पुढची बैठक होळीच्या आधी आहे. आपल्या मंडळीत कोणाचा कारखाना, वर्कशॉप, गॅरेज असेल तर एक सकाळ द्या. चहा आमच्याकडे.