भंगाराचा भाव आणि लेकरांचे आरोग्य

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे कोन लागते. भिवंडीच्या रस्त्यावरचे हे गाव आता पूर्वीचे गाव राहिलेले नाही. चाळी, इमारती, गोदामे दाटली आहेत. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचे वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेले. त्याआधीचे भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना इन्व्हर्टरचे मोल सांगायला नको. पण इन्व्हर्टरची बॅटरी दमली की तिचे करायचे काय?

भंगारवाला दारात येतो, काट्यावर चढवतो, भाव सांगतो. मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. म्हणून तिला बरे पैसे येतात. कष्टकऱ्याच्या घरात ते पैसे कोणाला नको असतात? पैसे घेऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. बॅटरी पुढे कुठे जाते, एवढे मात्र विचारा.

परवानाधारक कारखान्यात ती यंत्राने फोडतात, तेजाब वेगळे काढून निकामी करतात आणि शिसे वितळवून पुन्हा वापरतात. चोरट्या भट्टीत मात्र कुऱ्हाडीने फोडतात, तेजाब गटारात ओततात आणि शिसे उघड्यावर वितळवतात. त्या धुराजवळ उभा असतो तो रोजंदारीवरचा माणूस. तो कोणाच्या घरचा असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या गावाची घाण उपसली, त्याच हातांवर आता शहराचे विष का यावे?

हे विष कामावरच थांबत नाही. शिशाची भुकटी कपड्यांवर, केसांवर बसून घरी येते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात शिसे चार-पाच पट जास्त शोषले जाते. मूल फिकट पडते, पोट दुखते म्हणते, चिडचिड करते आणि अभ्यासात मागे पडते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा घेतो. त्याच मुलांची बुद्धी बॅटरीच्या धुरात जाऊ द्यायची का?

घरातले कोणी भंगारात किंवा बॅटरीच्या कामात असेल, तर माताभगिनींनी त्याचे कपडे वेगळे धुवावेत. त्याने हातपाय, तोंड धुऊन, शक्यतो आंघोळ करूनच लेकराला उचलावे. शंका आली तर रक्तातील शिशाची तपासणी होते, डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. शिशाची विषबाधा कायद्याने कळवण्याजोगा व्यवसायजन्य रोग आहे, हेही कामगारांनी लक्षात ठेवावे.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच द्यावी. तो किंमत वजा करतो; पावतीवर तसे लिहून घ्या. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, हा नियम २००१ पासून होता. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर अधिक कडकपणे टाकली. टीव्ही, मोबाईल, संगणक यांसाठी वेगळे नियम आहेत, तेही १ एप्रिल २०२३ पासून नव्याने लागू झाले. नोंदणीकृत पुनर्वापर करणारे कोण, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येते. त्यांचे कार्यालय कल्याणलाच आहे.

तांब्यासाठी वायर जाळणे हा आणखी एक उद्योग. वरचे प्लॅस्टिक जळताना निघणारा काळा धूर फार विषारी असतो. पोरांना दहा-वीस रुपयांसाठी त्यात पाठवू नका. जुन्या टीव्हीची काच फोडू नये, तिच्यातही शिसे असते. फुगलेला मोबाईल टोचू नये किंवा दाबू नये, तो पेट घेतो. विहारातील महिला मंडळाने महिन्यातून एकदा जुने मोबाईल व चार्जर गोळा करून एकदम नोंदणीकृत संस्थेकडे द्यायला हरकत नाही. फुगलेले मात्र त्यात घेऊ नयेत.

घड्याळातील आणि खेळण्यातील बटणासारखा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका जळू शकते. उलटी करवू नका, वाट पाहू नका. थेट रुग्णालयात नेऊन सेल गिळल्याचे आधी सांगा.