लांडगा हसत नाही

लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली असते. मेंढ्या राखणारा मुलगा, त्याची 'लांडगा आला रे आला' ही हाक, काठ्या घेऊन धावत आलेले गावकरी आणि पोट धरून हसणारा तो मुलगा. मग एके दिवशी लांडगा खरोखरच येतो आणि हसणं संपतं. गोष्टीचा धडा सरळ आहे. थट्टा आणि लांडगा एका माळावर नांदत नाहीत. एक आला की दुसऱ्यानं निघून जायचं.

आज मला बोलायचं आहे ते हा धडा न मानणाऱ्या एका चित्रपटाविषयी. 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' हे त्याचं नाव. वर्ष १९८१, दिग्दर्शक जॉन लँडिस. वेअरवुल्फ म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस. आपण त्याला लांडगामाणूस म्हणू.

मी हा चित्रपट पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. मोहल्ल्यातल्या एका मित्रानं रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला होता. सतरंजीवर आम्ही आठ-दहाजण होतो आणि इंग्रजी जेमतेम दोघांना कळत होतं. तरी सगळे हसले आणि सगळे घाबरले. गंमत अशी, की हसण्याची जागा कुठे संपली आणि भीतीची कुठे सुरू झाली, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येईना.

लांडगामाणूस पडद्यावर आला तो मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं. १९३५ साली 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' आला आणि १९४१ साली 'द वुल्फ मॅन'. दुसऱ्या चित्रपटाची कथा लिहिणारे कर्ट सिओडमॅक हे मूळचे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे ज्यू. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी देश सोडला. त्यांच्या कथेतला लॅरी टॅलबट हा भला माणूस आहे. त्याला लांडगा चावतो आणि रात्री तोच लांडगा होतो. पुढचा बळी कोण, हे त्याला आधी दिसतं, कारण त्या माणसाच्या तळहातावर चांदणीची खूण उमटते. ज्यू माणसांना कपड्यांवर चांदणी लावायला भाग पाडलं जात होतं, त्या काळातली ही कथा आहे. भला शेजारी एका रात्रीत लांडगा होतो, ही कल्पना अशा माणसाला फार लांबून आणावी लागली नसणार. ज्यांनी एखाद्या रात्री ओळखीचे चेहरे बदललेले पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हसू आलं ते नंतर. १९४८ मध्ये अॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटात हाच टॅलबट पुन्हा आला. तो लंडनहून फोन करून कॉस्टेलोला सावध करू पाहतो आणि बोलता बोलताच त्याचा लांडगा होतो. इकडे कॉस्टेलोला वाटतं, फोनवर कुणाचं तरी कुत्रं गुरगुरतंय. इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. टॅलबट एकदाही विनोद करत नाही. तो पूर्वीइतकाच दुःखी आहे. हसू येतं ते त्याचं दुःख न कळणाऱ्या माणसाचं. म्हणजे या मिश्रणाचा पहिला नियम तेव्हाच ठरला होता. लांडग्यानं हसायचं नाही आणि त्याला हास्यास्पदही करायचं नाही. विनोद माणसांकडे ठेवायचा.

लँडिस यांनी आपली पटकथा १९६९ साली लिहिली. विशीही न ओलांडलेला हा मुलगा युगोस्लाव्हियात 'केलीज हीरोज' या युद्धपटाच्या चित्रीकरणात पडेल ते काम करत होता. तिथे एका चौरस्त्यावर रोमा लोक एक प्रेत पुरताना त्यानं पाहिलं. प्रेताला लसूण बांधलेला होता, मेलेल्यानं उठून परत येऊ नये म्हणून. आणि समजा, हा खरंच उठून आला तर आपण काय करू? त्या प्रश्नातून ही पटकथा निघाली. पण पैसा घालणाऱ्यांची अडचण होती. विनोदी म्हणावं तर ती फार भीतिदायक होती आणि भीतीची म्हणावी तर फार विनोदी. 'अॅनिमल हाऊस' (१९७८) आणि 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) हे लँडिस यांचे विनोदी चित्रपट चालले, तेव्हा कुठे बारा वर्षांनी हा चित्रपट पडद्यावर आला.

गोष्ट थोडक्यात अशी. डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन विद्यार्थी पाठीवर पिशव्या टाकून इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या माळरानावर भटकायला निघाले आहेत. थंडीनं काकडून ते एका खेड्यातल्या दारूच्या गुत्त्यात शिरतात. तिथे एक गावकरी विनोद सांगतो आणि सगळा गुत्ता खदखदून हसतो. त्या हसण्यानं धीर येऊन जॅक विचारतो, ही भिंतीवर चांदणी कशाला काढली आहे? सगळे गप्प. बाण फेकण्याचा खेळ खेळणाऱ्याचा नेम चुकतो, आयुष्यात पहिल्यांदाच. रस्ता सोडू नका, चंद्रापासून जपा, एवढं सांगून गावकरी दोघांना रात्रीच्या अंधारात जाऊ देतात.

गप्पांच्या नादात पोरं रस्ता सोडतातच. लांडग्याचा आवाज येतो. दोघं एकमेकांची थट्टा करत, पण पावलं वाढवत चालू लागतात. डेव्हिड घसरून पडतो. जॅक दचकतो, मग हसतो आणि त्याला उठवायला हात पुढे करतो. त्याच क्षणी लांडगा जॅकवर झेप घेतो. आधी हसू आणि मग, बऱ्याच वेळानं, भीती, असा क्रम इथे नाही. हसण्यासाठी उघडलेलं आपलं तोंड तसंच उघडं राहतं. आणि एक गोष्ट मनात सलते. मित्राच्या किंकाळ्या ऐकून डेव्हिड आधी पळतो. मग थांबतो, परत फिरतो. पण तोवर उशीर झालेला असतो. लांडगा त्यालाही चावतो आणि गावकऱ्यांच्या गोळ्यांनी मरतो.

पुढे लंडनच्या इस्पितळात डेव्हिड शुद्धीवर येतो आणि एका सकाळी मेलेला जॅक त्याला भेटायला येतो. गळा फाटलेला, मांसाची एक चिंधी लोंबते आहे. आणि हा गृहस्थ डेव्हिडच्या न्याहारीतला टोस्ट मागून घेतो! आपल्या मयतीची हकिकत सांगतो. आपल्यासाठी ढसाढसा रडलेली मुलगी सांत्वनासाठी दुसऱ्याच मुलाच्या बिछान्यात गेली, अशी तक्रार करतो. आपण हसतो, कारण तोंड जरी प्रेताचं असलं तरी तक्रार अस्सल मित्राची आहे. मग तो मुद्द्यावर येतो. तुला लांडग्याचा शाप लागला आहे. त्या वंशातला शेवटचा लांडगा मरत नाही तोवर मला सुटका नाही. म्हणून पौर्णिमेच्या आत तू जीव दे. हे तो मैत्रीनंच सांगतो. आता हसावं की रडावं?

जॅक पुन्हा दोनदा येतो. दर खेपेला तो आणखी सडलेला असतो. शेवटी तर हाडांचा सापळाच उरतो. त्याच्या बोलण्यातली मिश्कीली मात्र जराही सडत नाही. मला वाटतं, चित्रपटाचा जीव इथे आहे. हा विनोद काढून टाकला, तर उरतं एक प्रेत. त्याची किळस येईल, भीती वाटेल, पण हळहळ वाटणार नाही. जॅक हसवतो म्हणूनच तो कोण होता आणि काय गेलं, हे आपल्याला दर वेळी नव्यानं कळतं.

डेव्हिडचा लांडगा होतो ते दृश्य जगभर गाजलं. १९४१ च्या चित्रपटात केस टप्प्याटप्प्यानं वाढवून, एकात एक विरघळणाऱ्या दृश्यांतून रूपांतर दाखवलं होतं. लँडिस यांनी ते घरातल्या लखलखीत उजेडात दाखवलं. रंगभूषाकार रिक बेकर यांनी रबरी हात-पाय आणि चेहरे असे बनवले, की ते कॅमेऱ्यासमोरच ताणले जातात आणि लांबतात. केस रबराच्या कातडीतून आत ओढून घ्यायचे आणि ती फिल्म उलटी चालवायची, की केस उगवताना दिसतात. रंगभूषेचं ऑस्कर दरवर्षी द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिला मान १९८२ मध्ये बेकर यांनाच मिळाला. हाडं मोडल्याचे आवाज, पोराच्या किंकाळ्या आणि मागे चंद्रावरचं एक संथ, गोड प्रेमगीत. त्या वेदनेत डेव्हिड ओरडून मेलेल्या जॅकची माफी मागतो. कशाची? तर आदल्या भेटीत आपण त्याला चालता-बोलता खिम्याचा गोळा म्हणालो होतो, त्याची! वाक्य हास्यास्पद आहे आणि त्या क्षणी कुणालाही हसू फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हिड जागा होतो तो प्राणिसंग्रहालयात, लांडग्यांच्या पिंजऱ्यात, अंगावर सुतळीचा तोडाही नाही. झुडपाआड लपून तो एका लहान मुलाचे फुगे पळवतो, एका बाईचा कोट लांबवतो आणि त्याच अवतारात बसच्या रांगेत उभा राहतो. आपण पोट धरून हसतो. तिकडे शहरात सहा माणसांची प्रेतं पडली आहेत. आपल्याला ते ठाऊक आहे, त्याला नाही.

हसू आणि भीती यांचं नातं मला या सकाळीत दिसतं. आपलं शरीर आपलं ऐकेनासं झालं, की आपण भर रस्त्यात उघडे पडतो. ते दुसऱ्याला गमतीचं वाटतं. आणि शरीर आपलं न ऐकता काय काय करून बसलं असेल, हा विचार अंगावर काटा आणतो. प्रसंग एकच असतो. डेव्हिडला सकाळी लाज वाटली, ती दुपारपर्यंत अपराध होते. पुढे पिकॅडिली सर्कसजवळच्या एका थिएटरात त्या सहाजणांची भुतं त्याला भेटतात आणि जीव द्यायचे एकेक उपाय सुचवतात, अगदी घरगुती सल्ला द्यावा तशा आपुलकीनं.

आपल्याकडे महेश भट यांच्या 'जुनून'मध्ये (१९९२) नायक पौर्णिमेला वाघ होतो. तिथे भर शापावर आणि शोकावर आहे. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये आलेल्या 'भेडिया'त अरुणाचलच्या जंगलात नायकाला लांडगा चावतो तो अशा जागी, की डॉक्टरलाही सांगायची चोरी. तिथेही विनोद मित्रांच्या तोंडी आहे आणि जंगल तोडायला निघालेल्या माणसाला धडा शिकवणारा लांडगा गंभीर आहे. लँडिस यांचा तर आग्रहच होता, की आपला लांडगा चार पायांवर धावणारं जनावर हवं, दोन पायांवर चालणारा केसाळ माणूस नको. डेव्हिडच्या चेहऱ्याचा मागमूसही त्या जनावरात उरत नाही. ते कुणाला ओळखत नाही. शेवटी एका बोळात पोलिसांच्या गोळ्या लागतात, लांडग्याच्या जागी एक उघडा पोरगा मरून पडलेला दिसतो आणि क्षणात उडत्या चालीचं गाणं सुरू होतं. रडायला सवडच मिळत नाही. त्या काळी काही समीक्षकांना हा शेवट अर्धवट वाटला. मलाही त्या रात्री वाटला होता.

व्हीसीआर आणणारा तो मित्र काही वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या दिवसांत मी त्याला भेटायला इस्पितळात गेलो, खिशात नवी गझल होती. दोन शेर ऐकवले. तो म्हणाला, "सलाईन लावलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, म्हणून गाठलंस होय रे?" परिचारिकासुद्धा हसली. चौथ्या दिवशी आम्ही कबरस्तानात होतो. तीन तीन मुठी माती टाकून झाली, तेव्हा कुणीतरी हलकेच ते वाक्य सांगितलं आणि कबरीच्या काठावर आम्ही सगळे हसलो. आणि त्या हसण्यासरशी, तो नाही हे मला पहिल्यांदा कळलं. तोवर नुसती धावपळ चालली होती.

रात्री घरी दिवा मालवायला उठलो. अंधाराला भिऊन बसलोय असं पाहून तो काय म्हणाला असता, ते त्याच्याच आवाजात स्पष्ट ऐकू आलं. मला हसू आलं. पण दिवा मी मालवला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)